त्रेसष्ट नंबरचं पत्र

क्र. २१९
ल्युनेबुर्ग, १४ नोव्हेंबर १९५५

एकहार्ट,

तुझा चष्मा इथेच राहिलाय, पावाच्या डब्यावर. म्हणजे बहिणीकडे जाऊन तुला पाच दिवस झाले आणि या पाच दिवसांत तू एक ओळसुद्धा वाचलेली नाहीस, हे मला इथे बसून कळतंय. हे पत्रही मेटाच तुला वाचून दाखवणार आणि मध्ये मध्ये आपली अक्कल पाजळणार. म्हणून चष्मा सोबत पाठवतेय. आधी तो नाकावर चढव, मेटाला मेंढ्यांकडे पिटाळ आणि मग पुढचं वाच.

वर कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने आकडा घातलाय, बघितलास? दोनशे एकोणीस. दोनशे अठरावं मी मार्च पंचेचाळीसमध्ये टाकलं होतं, ते ‘पत्त्यावर नाही’ असा शिक्का घेऊन परत आलं. मग तू रशियाच्या बंदिछावणीत गेलास. तिकडे दहा वर्षं जी कार्डं पाठवली त्यांच्यावर मोजून पंचवीस शब्द लिहायची परवानगी. त्यात आकड्यासाठी एक शब्द कोण घालवणार? आता जागेला तोटा नाही, तेव्हा आकडे पुन्हा सुरू. पोस्टमास्तरच्या मुलीशी लग्न केलंस तेव्हाच तुला कळायला हवं होतं. लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात आपण ठरवलं होतं ना, तुझी पत्रं एकपासून, माझी एकपासून, म्हणजे वाटेत एखादं राहिलं तर लगेच कळेल. तू हसला होतास. “तुझ्या बापाचं टपालखातं माझ्या सैन्यापेक्षा कडक आहे,” म्हणाला होतास.

बुधवारचं मला लिहायलाच हवं. तोंडाने बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तू दाराकडे बघायला लागतोस.

लुडेके जेवायला आला होता. तुझ्या हाताखालचा अधिकारी, त्याला मी काय नाही म्हणणार? तुमच्या चिलखती डिव्हिजनचं आठवणींचं पुस्तक काढायचंय म्हणाला, सेनापतीची पत्रं हवीत म्हणाला. मी मोठ्या दिमाखात डबा आणून टेबलावर ठेवला. त्याने पत्त्यांचा जोड मोजावा तसा गठ्ठा मोजला. “वा, बाईसाहेब! एक ते एकशे चौऱ्याण्णव. फक्त त्रेसष्ट दिसत नाही.” तू बटाटा चावत होतास. मान वर न करता म्हणालास, “टपालात हरवलं.”

आणि मी पाहुण्यासमोर म्हटलं, “लबाड!”

लग्नाला यंदा पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला चारचौघांत असं कधी बोलले नव्हते. लुडेकेने टोपी उचलली. तो गेल्यावर मी म्हटलं, “एकहार्ट, त्रेसष्ट लिहून दे मला.” तू उठलास, छावणीतून आणलेली ती चिरगुटाची पिशवी खांद्याला लावलीस आणि बसथांब्याकडे चालायला लागलास. मी ‘जा’ म्हटलं नव्हतं रे. ‘लिही’ म्हटलं होतं. जन्मभर हुकूम ऐकलेस, म्हणून तुला त्यात ‘जा’ ऐकू आलं असेल.

मला तू घरी हवा आहेस. उशीखाली पावाचे तुकडे ठेवतोस ते मला चालतं. जमिनीवर झोपतोस तेही चालतं, मी खाली गादी घालीन. पण त्रेसष्टसकट हवा आहेस. आणि लवकर हवा आहेस, कारण आपली पोर गेझीने ईस्टर झाल्यावर तीन एप्रिलला हॅम्बुर्गला जातेय, नर्सिंगच्या शाळेत. नऊ वर्षांची होती तेव्हा तू गेलास आणि एकोणीस वर्षांची झाल्यावर आलास. तू सुटून आलास आणि आम्ही तुला आणायला फ्रीडलांडला गेलो, तेव्हा ती तुला काय म्हणाली आठवतंय? “तुम्ही दमला असाल ना?” आपल्यात पोरं बापाला ‘तुम्ही’ म्हणतात का कधी? पोस्टमनला म्हणतात, दातांच्या डॉक्टरला म्हणतात. मोटारीत ती माझ्या कानात म्हणाली, “आई, चुकून निघालं गं तोंडातून.” तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं, तुला ऐकू गेलं असावं.

दुपारनंतर थंडी वाढतेय. मोजे लोकरीचेच घाल.

तुझी
आल्मुट


क्र. २२०
२ डिसेंबर १९५५

एकहार्ट,

उत्तर नाही. बरं.

लुडेके पुन्हा येऊन गेला. बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन आला होता, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. त्याचं आणि माझं जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“बाईसाहेब, एवढ्याशा आकड्यासाठी काय अडलंय? बासष्ट छापू, मग चौसष्ट छापू. खाली बारीक अक्षरात टीप: त्रेसष्टावं टपालात गहाळ.”

“म्हणजे तुम्ही माझ्या वडिलांच्या खात्यावर आळ घेणार?”

“अहो, लढाई होती! गाड्या जळत होत्या, विमानं पडत होती…”

“आणि एकशे त्र्याण्णव पत्रं पोचली. अहो, एकाला तर गोळीचं भोक पडलं होतं, तरी पोचलं.”

त्यावर तो हसला आणि अगदी मायेने म्हणाला, “काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या असतात, बाईसाहेब. जनरलसाहेबांनी खूप सोसलंय.” मी म्हटलं, “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, लुडेके. मिठाई घेऊन जा. गेझीनेचे दात किडतात.” दात कसले किडतात, ठणठणीत आहेत. पण तो उठला, आणि जाताना त्याने एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. म्हणजे त्रेसष्टात काय आहे हे त्यालाही माहीत आहे. सगळ्या डिव्हिजनला माहीत असेल. बायको तेवढी कोरडी.

आता माझं ऐक. ही एक गोष्ट मी तुझ्यापासून तेरा वर्षं लपवली आहे.

बाबा म्हणायचे, “टपालात काही हरवत नाही, आल्मुट. जे लिहिलंच नाही तेवढंच पोचत नाही.” मार्च बेचाळीसमध्ये, तुझं चौसष्टावं आलं आणि त्रेसष्टाचा पत्ता नाही, तेव्हा मी रीतसर अर्ज केला. तीन प्रती, छापील नमुन्यावर, पाठवणाऱ्याचं नाव, तारखेचा अंदाज, सगळं भरून. तो अर्ज बर्लिनला गेला, तिथून पोलंडला, तिथून रशियात, असा कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरत, युद्ध चालू असताना, एकहार्ट, तुझ्याच टेबलावर येऊन पोचला. आपल्या लोकांची कमाल आहे! पेट्रोल पोचत नव्हतं, माझा अर्ज पोचला. जूनमध्ये उत्तर आलं. ते मी शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलंय. उतरवून देते:

‘तपासाअंती कळविण्यात येते की क्रमांक ६३ चे पत्र प्रेषकाने टपालात दिलेले नाही. प्रेषकाचे म्हणणे: आकडा चुकला. सही, वीबुश, मेजर जनरल.’

त्या दिवशी तू शंभर कागदांवर सह्या केल्या असशील, त्यात बायकोच्या अर्जावरही केलीस. बघितलंस तरी का कशावर करतोयस ते? ‘आकडा चुकला’ म्हणे! रोज संध्याकाळी किती रणगाडे चालू, किती बंद, याचा हिशेब मांडणारा माणूस बासष्टनंतर चौसष्ट लिहील?

तेव्हा म्हणालास आकडा चुकला, आणि परवा म्हणालास टपालात हरवलं. एक काहीतरी ठरव की रे.

आल्मुट


क्र. २२१
२७ डिसेंबर १९५५

एकहार्ट,

नाताळला तू येशील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. बदक भाजलं, लाल कोबी केली, तिसरं ताट मांडलं. गेझीनेने ते उचलून कपाटात ठेवलं. तुझ्या आवडीची हिरवी केलची भाजी मात्र तशीच आहे अजून. ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गरम केल्यावरच खरी लागते असं तूच म्हणतोस. तेवढं तरी तुझ्याकडून टिकलं.

मेटाबरोबर मध पाठवलास तो मिळाला. चिठ्ठी सापडली नाही. मी बरणीच्या बुडाखालीसुद्धा बघितलं.

सुट्टीचे दोन दिवस मी तुझी सगळी पत्रं क्रमाने वाचून काढली. गठ्ठा लुडेकेला द्यायचा नाही हे ठरलंच होतं, पण मग मलाच का नको? आणि तुला सांगते, पहिल्या बासष्टांत मला माझा नवरा भेटला. चाळीस साली फ्रान्समध्ये तुझ्याकडे रेजिमेंट होती. तुझ्या रणगाड्यावर एक कोंबडी येऊन बसायची, इंजिनाची ऊब असते तिथे, आणि रोज अंडं घालायची. तू तिला ‘सार्जंट’ म्हणायचास. तिसावं अख्खं पत्र तिच्यावर आहे! मग एक्केचाळीसचा उन्हाळा, रशियातली धूळ, दातांत रेती, आणि ऑक्टोबरात तुझ्या हाती डिव्हिजन आली. तेव्हाचं तुझं पत्र लहान पोराने बक्षीस मिळाल्यावर लिहावं तसं आहे. मीही गल्लीत मिरवले. खोटं कशाला सांगू? बेकरीत रांग सोडून मला पुढे घेत, आणि मी जात होते.

मग बर्फ. दर चार तासांनी इंजिनाखाली विस्तव पेटवायचा, नाहीतर तेल गोठतं. सत्तरातले अकरा रणगाडे उरले. हे सगळं तू मला लिहिलंस. भीती वाटते हेसुद्धा लिहिलंस, एकसष्टाव्यात, आणि ते पत्र मी कित्येक दिवस उशीखाली ठेवलं होतं. बासष्टावं बारा जानेवारीचं. मग फेब्रुवारीत ते पार्सल. मग चौसष्ट: ‘ठीक आहे. पदक मिळालं. थंडी आहे.’

आणि तिथून पुढे एकशे तीस पत्रं नुसती ‘ठीक आहे’. बेचाळीस ठीक, त्रेचाळीस ठीक, माघार घेत अर्धा रशिया तुडवत परत आलास तेही ठीक. आधी मला वाटायचं मोठा हुद्दा आला म्हणून वेळ मिळत नसेल. आता एका बैठकीत सगळी वाचली तेव्हा कळलं, चौसष्टपासून मला जनरल पत्र लिहितोय. माझा नवरा बासष्टालाच थांबलाय. मला तो परत हवाय रे. छावणीतून तू आलास, तो नाही आला.

गेझीने विचारत होती, “बाबा आपल्यावर चिडलेत का?” मी नाही म्हटलं. बरोबर सांगितलं ना?

आल्मुट


क्र. २२२
२० जानेवारी १९५६

एकहार्ट,

शेवटी तुझी एक ओळ आली. ‘आल्मुट, तुला काय ऐकायचंय ते तुला माहीत आहे.’ एवढंच. वर आकडाही नाही.

आधी मी भडकले. भांडी आपटली, गेझीने अभ्यासाची वही घेऊन वरच्या खोलीत गेली. मग खुर्चीवर बसले आणि तुझी ओळ पुन्हा वाचली. कारण तुझं खरं आहे. दोन महिने तुला टोचून टोचून लिहितेय, आणि स्वतः मात्र ताकाला जाऊन भांडं लपवतेय. मागच्या पत्रात ‘ते पार्सल’ एवढंच लिहिलं आणि पटकन पुढे सटकले, ते तुझ्या लक्षात आलं असणार.

तर ऐक.

पार्सल आलं तेरा फेब्रुवारीला. वरचं अक्षर तुझंच. आत पत्र नव्हतं, कागदाचा एक तुकडा होता: ‘गेझीनेच्या पायांसाठी.’ आणि बूट. करड्या लोकरीचे, घोट्यावर येणारे, पाच-सहा वर्षांच्या पोरीचे. डाव्याची टाच झिजली होती, ती कुणीतरी लाल धाग्याने भरली होती. इतकं बारीक काम होतं की मला शिकायचं असतं तर तासभर तेच बघत बसले असते. आत गवताचा तळ होता आणि त्यावर पाय उमटला होता. पाच बोटं, अंगठा जरासा आत वळलेला. उजव्या बुटात पायाला गुंडाळायची चिंधी अजून तशीच होती.

कोऱ्या बुटात पाय उमटलेला नसतो, एकहार्ट. मला त्याच घडीला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. कुणी विकले असते तर चिंधी काढून घेतली असती.

मी ती चिंधी चुलीत टाकली. गवत टाकलं, नवं घातलं. मग गेझीनेला हाक मारली. तिचे पाय बर्फासारखे असायचे ना त्या वर्षी, कोळसा नव्हता. तिने बूट घातले आणि स्वयंपाकघरात गोल गोल पळाली. आणि मी तुला लिहिलं, माझं अठ्ठ्याऐंशीवं पत्र: ‘बूट छान बसले.’ आपली ती बबी आणि दुसऱ्याची ती कार्टी, दुसरं काय? दोन हिवाळे घातले तिने. शेजारणी विचारायच्या, कुठून आणले गं एवढे सुंदर? मी सांगायचे, तिच्या बाबांनी पाठवले. पंचेचाळीसमध्ये पूर्वेकडून निर्वासित आले, त्यांतल्या एका पोरीला मी ते देऊन टाकले. दिले तेव्हा मला हलकं वाटलं. ते दान नव्हतं, मला ते घरातून घालवायचे होते.

त्या पार्सलात त्रेसष्टावं असायला हवं होतं. ते नव्हतं म्हणून मी अर्ज केला. पण मी टपालखात्याला विचारलं, तुला नाही. तुला विचारलं असतं तर तू कदाचित सांगितलं असतंस, आणि मग ते बूट मला तिच्या पायांतून काढावे लागले असते. तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. ते पत्र आपण दोघांनी मिळून हरवलंय.

आता माझ्या पोटात काही उरलं नाही. तुझी पाळी.

आल्मुट


क्र. २२३
१२ फेब्रुवारी १९५६

एकहार्ट,

काय ही थंडी! नळ फुटला, अंगणातला पंप गोठला, पावाच्या दुकानात बायका कानांना रुमाल बांधून उभ्या. गेझीने दोन मोज्यांवर तिसरा चढवून बसलीय. तिच्या पायांकडे बघवत नाही मला हल्ली.

काल मेटा येऊन गेली. मी तुझं काहीच विचारलं नाही, तिने आपण होऊन सांगितलं. “अगं, रोज सकाळी कॉफी झाली की टेबलाशी बसतो. कोपऱ्यात आकडा घालतो, दोन ओळी लिहितो आणि कागद चुलीत. या हिवाळ्यात मला चूल पेटवायला काटक्या लागल्या नाहीत बघ!” आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तिला सांग, मीही तसंच केलं.

जाळू नकोस रे. खाडाखोड असू दे, शाई सांडू दे, व्याकरण तपासायला मी काही शाळामास्तरीण नाही. आणि माझ्यासाठी ते गोड करू नकोस. बुटांचं मला ठाऊक आहे आणि तरीही मी तुला मोज्यांबद्दल लिहितेय, यावरून काय ते समज.

लुडेकेला मी पत्र टाकलं: त्रेसष्ट आलं तर त्याच्यासकट छापा, नाहीतर एकही मिळणार नाही. त्याने उलट टपाली कळवलं की पुस्तक पत्रांशिवायच काढतोय. बरं झालं.

एकवीस मार्चपर्यंत बस रोज आहे. नंतरचं वेळापत्रक बदलणार आहे, ते कळलं की कळवते.

आल्मुट


क्र. २२४
१८ मार्च १९५६

प्रिय एकहार्ट,

काल आलं. पोस्टमन दारातूनच ओरडला, “वीबुशबाई, जाड आहे!” वर डाव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने ६३. तारीख तू तेव्हाचीच घातलीस, सतरा जानेवारी १९४२. आकडा बरोबर आहे. मी डब्यातला गठ्ठा सोडला, बासष्ट आणि चौसष्ट यांच्यात बोट घालून जागा केली, आणि मग वाचायला बसले.

तुझं अक्षर बदललंय, पण आवाज तोच आहे. कोंबडीवर पान पान लिहिणाऱ्या माणसाचा. पहिल्या पानावर मी तेवढ्यासाठीच रडले.

मग पुढचं वाचलं. लिपोव्का. तेवीस घरं. तू गावाचं नाव लिहिलंस आणि घरं मोजून लिहिलीस. मागे हटायचं आहे, छप्पर म्हणून शिल्लक ठेवायचं नाही, लोकरीचे बूट सगळे काढून घ्यायचे, हा हुकूम वरून आला. आणि तू तो खाली दिलास. ‘मी त्यात एक शब्द घातला नाही आणि एक शब्द खोडला नाही,’ असं लिहिलंयस. त्याखालची ओळ मी चारदा वाचली: ‘शेजारच्या डिव्हिजनच्या सेनापतीने तो हुकूम खिशात घातला आणि त्याला कुणी काही केलं नाही. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं.’ ही ओळ तू गाळली असतीस तरी मला कळलं नसतं. गाळली नाहीस.

ती मुलगी तू पाहिलीस. रस्त्यावर उभा होतास, ती आईबरोबर बाहेर आली. घसरगाडीवर बुटांचा ढीग पडला होता. ती रडली नाही, तुझ्याकडे बघितलंही नाही, तिचे डोळे ढिगातल्या आपल्या बुटांवर होते. आणि तुझ्या मनात आलं की आपल्या गेझीनेचे पाय गार असतात. ‘लुडेके म्हणाला, साहेब, मी बांधून देतो. मी म्हटलं, नको, मीच बांधतो.’ त्या संध्याकाळी तू कागद घेतलास, कोपऱ्यात त्रेसष्ट घातलं, ‘लाडक्या आल्मुट’ लिहिलं आणि पुढे हात चालेना, म्हणून कागद विस्तवात टाकलास. दुसऱ्या वेळी लिहायला बसलास तेव्हा पुन्हा त्रेसष्ट घालणं तुला खोटेपणा वाटला. खरं तर तिथेच सगळं दडपता आलं असतं. आकडा पुढे ढकलला असता तर मला जन्मात पत्ता लागला नसता! तू ती भोकाची जागा ठेवलीस, चौदा वर्षं. कुणी विचारावं म्हणूनच ठेवली होतीस का रे?

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्या लिपोव्कात होत्या, आणि त्यांची नावं तुलाही माहीत नाहीत.

पत्र मी गेझीनेला दिलं. न विचारता दिलं, रागावू नकोस. ते बूट तिने घातले होते, तिचा हक्क माझ्याआधीचा. तिने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता ओरडेल, नाहीतर दार आपटून जाईल. मी चुलीकडे तोंड करून केल ढवळत राहिले. मागून ती म्हणाली, “आई, मग तिच्या पायात काय होतं?”

मी म्हटलं, “कुणाच्या?” कळलं होतं मला. नुसता वेळ काढत होते.

“त्या मुलीच्या. घर जाळलं, बूट माझ्याकडे आले. मग ती चालत गेली असेल ना कुठेतरी? ती कशी गेली?”

चौदा वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. उमटलेला पाय मी पाहिला होता, अंगठा कुठे वळतो तेसुद्धा पाहिलं होतं, आणि तो पाय पुढे कशात घातला गेला हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मी म्हटलं, “मला माहीत नाही गं.” तिने पत्र घडी घालून गठ्ठ्यात ठेवलं, बरोबर आपल्या जागी, आणि विचारलं, “तो येतोय का?”

‘ते येताहेत का’ नाही म्हणाली, एकहार्ट. तो.

गुरुवारी अकराच्या बसने ये. वेळापत्रक बदललंय, साडेदहाची बंद झाली. चिरगुटाची पिशवी मेटाकडेच ठेव, इथे तुझ्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय. गेझीनेच्या जाण्याला मग बारा दिवस उरतील. त्यातले दहा ती तुझ्याशी बोलणार नाही असं मला दिसतंय, तुझ्यावरच गेलीय ती. तरी ये. एक दिवस ती तुला तोंडावर विचारेल, मुलीच्या पायात काय होतं म्हणून. तेव्हा दाराकडे बघू नकोस. माहीत असेल ते सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

मी तुझ्या शेजारी बसेन. ‘बूट छान बसले’ हे मीच लिहिलं होतं.

तुझी
आल्मुट